लिनक्स लॅपटॉप बिघडला? खान्देशातून नेहमी येणारे प्रश्न

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) अन् नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे जळगाव, धुळे, नंदुरबारकडे बऱ्याच जणांनी चांगले चालते जुने लॅपटॉप मिंट नाहीतर उबुंटू या लिनक्सवर आणले, आणि खरंच चांगलं केलं. पण काही बिघडलं की दुकानापासून मित्रापर्यंत सगळे एकच सांगतात, फॉरमॅट मार. माझं म्हणणं एवढंच आहे की फॉरमॅट हा सगळ्यात शेवटचा उपाय, कारण त्यात डेटा जातो, वेळ जातो आणि बिघाडाचं मूळ हार्डवेअरमध्ये असेल तर ते तसंच राहतं. आधी कारण शोधायचं. खालचे प्रश्न फोनवर, चहाच्या टपरीवर, कॉलेजच्या लॅबमध्ये सारखे येतात ते आहेत.

कमांड (टर्मिनल नावाच्या खिडकीत टाइप करायच्या ओळी) मी फोनवर सांगतो तशाच लिहिल्यात, टाइप करताना इंग्रजी छोट्या लिपीत करायच्या, आणि मायनस, स्लॅश, डॉट, अंडरस्कोर, बरोबर यांच्या जागी ती चिन्हं.

भाऊ, प्रॉब्लेम हार्डवेअरचा आहे का सॉफ्टवेअरचा, हे ओळखायचं कसं?

लाइव्ह पेनड्राइव्हने. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मिंटची आयएसओ (इन्स्टॉलची फाइल) टाकून ठेवा आणि तो कायम जवळ ठेवा. लॅपटॉप त्याच्यावरून चालू करायचा, काही इन्स्टॉल न करता, आणि जी तक्रार आहे तीच करून बघायची. हार्डडिस्कवरच्या सिस्टिममध्ये आवाज येत नाही पण पेनड्राइव्हवरून येतो, म्हणजे स्पीकर ठीक आहे, तुमच्या इन्स्टॉल केलेल्या सिस्टिममध्ये काहीतरी बिघडलंय. दोन्हीकडे येत नसेल तर एक तर हार्डवेअर गेलंय नाहीतर त्या हार्डवेअरचा ड्रायव्हर त्या कर्नलात (लिनक्सच्या गाभ्यात) नाही, मग वेगळ्या नव्या व्हर्जनचा पेनड्राइव्ह करून परत बघा.

दुसरं, लॉग, म्हणजे सिस्टिमने स्वतः ठेवलेल्या नोंदी, वाचायचा. लॅपटॉप अचानक बंद पडला किंवा अडकला असेल तर चालू केल्यावर 'जर्नलसीटीएल मायनस बी मायनस १ मायनस ई' द्या, त्यात मागच्या वेळेस बंद पडण्याआधी शेवटी काय घडलं ते दिसतं. फक्त एररच बघायच्या असतील तर 'जर्नलसीटीएल मायनस पी ३ मायनस बी'. सगळ्या लाल ओळी बघून घाबरू नका, निरोगी लॅपटॉपमध्येही पाच-दहा लाल ओळी असतातच. ज्या वेळेला बिघाड झाला त्या वेळेच्या ओळी महत्त्वाच्या. आणि लॉग मध्येच तुटलेला दिसला, कसलीच एरर नाही, सरळ पुढची ओळच नाही, तर बहुतेक वीज गेलेली असते किंवा मशीन एकदम गोठलेलं असतं.

आणि एका वेळेला एकच गोष्ट बदलायची, हे फार महत्त्वाचं. लोक इंटरनेटवरच्या सात कमांड एकामागोमाग टाकतात, मग सुटलं तरी कशाने सुटलं ते कळत नाही आणि बिघडलं तरी कशाने ते कळत नाही.

लाइट गेली, आली, आता काळ्या स्क्रीनवर 'इनिट्रॅमएफएस' लिहून येतं आणि पुढे जातच नाही. सगळं गेलं का?

नाही गेलं. हा आपल्याकडचा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, कारण जुन्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली असते, लॅपटॉप थेट चार्जरवर चालत असतो आणि लोडशेडिंग झालं की डेस्कटॉपसारखा धप्पकन बंद होतो. त्या क्षणी डिस्कवर लिहिणं चालू असेल तर फाइल सिस्टिम अर्धवट राहते. ईएक्सटी४ या लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टिमला जर्नल (बदलांची नोंदवही) असतं म्हणून बहुतेक वेळा ती पुढच्या बूटला स्वतःच सावरते, पण कधीकधी तिला तुमची परवानगी लागते आणि म्हणून ती तिथे थांबून राहते.

त्या स्क्रीनवर 'एक्झिट' टाइप करून एंटर दाबा, मग एक मेसेज येईल, त्यात कोणत्या पार्टिशनला चेक करायचं ते लिहिलेलं असतं, एसडीए२ किंवा एनव्हीएमई०एन१पी२ असं काहीतरी. ते नाव नीट बघून 'एफएससीके मायनस वाय' आणि पुढे स्लॅश डेव्ह स्लॅश ते नाव. चालू द्या, मध्ये हात लावू नका, मोठी डिस्क असेल तर वेळ लागतो. झालं की 'रीबूट'. बहुतेक वेळा यानंतर सरळ डेस्कटॉप येतो.

पण एक बघा, हे दर आठवड्याला होत असेल, किंवा लाइट न जाताही होत असेल, तर डिस्कच जात चालली आहे. 'स्मार्टमॉनटूल्स' पॅकेज टाकून 'सुडो स्मार्टसीटीएल मायनस ए स्लॅश डेव्ह स्लॅश एसडीए' द्या. साध्या हार्डडिस्कला त्यात रिअलोकेटेड सेक्टर आणि करंट पेंडिंग सेक्टर या दोन ओळींच्या शेवटचा आकडा शून्य असायला पाहिजे. पेंडिंगचा आकडा वाढत असेल तर दुसरं काही करू नका, आधी फोटो, कागदपत्रं, मुलांचे प्रोजेक्ट बाहेर कॉपी करा. यूडीएमए सीआरसी एररचा आकडाच फक्त वाढत असेल तर मात्र डिस्क बरी असू शकते, केबल किंवा कनेक्टर ढिला असतो.

आणि मेलेली बॅटरी बदलून घ्या. अर्धा तास टिकणारी साधी बॅटरी असली तरी फाइल सिस्टिम वाचते.

मे महिन्यात लॅपटॉप दुपारी आपोआप बंद होतो, संध्याकाळी नीट चालतो. व्हायरस आहे का?

व्हायरस नाही, ऊन आहे. भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या वर जातो, पत्र्याच्या खोलीत आत त्याहून जास्त, आणि फॅन जी हवा ओढतो तीच एवढी गरम असेल तर तो थंड काय करणार. 'एलएम-सेन्सर्स' टाका आणि 'सेन्सर्स' कमांड द्या. काही काम चालू नसताना प्रोसेसर ५५-६० दाखवत असेल तर त्या खोलीच्या मानाने ते साहजिक आहे, पण नुसता ब्राउझर उघडला की ९५ च्या पुढे जात असेल तर हवा अडलेली आहे. लॉगमध्ये 'टेम्परेचर अबव्ह थ्रेशोल्ड, क्लॉक थ्रॉटल्ड' अशी ओळ सापडली तर प्रोसेसर स्वतःला वाचवायला हळू चालतोय, लोकांना वाटतं लिनक्स स्लो झालं. 'क्रिटिकल टेम्परेचर रीच्ड' असेल तर सिस्टिमने मुद्दाम बंद केलंय.

जिनिंगच्या आसपास राहणाऱ्यांचे लॅपटॉप उघडले की फॅन आणि हीटसिंकच्या जाळीमध्ये कापसाच्या तंतूंचा चक्क नमदा बसलेला असतो, बोटाने धरून पट्टीसारखा निघतो. बाहेरून ब्लोअर मारून हा निघत नाही, उलट आत घट्ट बसतो, फॅन काढूनच साफ करायला लागतं. नंदुरबार-दोंडाईचाकडे मिरचीची धूळ असते, ती साफ करताना मास्क आणि चष्मा लावाच, नाहीतर दिवस वाया. उघडलंच आहे तर थर्मल पेस्ट बदलून घ्या, चार-पाच वर्षांत ती सुकून खडू होते.

तोपर्यंत 'टीएलपी' (वीज वाचवणारा प्रोग्राम) टाका, टर्बो बूस्ट बंद करा आणि गादीवर ठेवून वापरू नका.

चार्जर लावला की टचपॅडचा कर्सर नाचतो, काढला की शांत. ड्रायव्हर कोणता टाकू?

कोणताच नका टाकू. चार्जर काढल्यावर शांत होतो ना, मग तिथेच उत्तर मिळालं, हे अर्थिंगचं आहे. टचपॅड बोटाचा विद्युतभार मोजून चालतो, अर्थिंग नसेल तर अॅडॅप्टरमधून थोडा गळती करंट बॉडीवर येतो आणि टचपॅडला खोटी बोटं दिसतात. मेटल बॉडीचा लॅपटॉप असेल तर मनगटाला मुंग्या आल्यासारखं वाटतं, तीच गोष्ट.

तीन पिनची वायर दोन पिनच्या सॉकेटमध्ये कन्व्हर्टर लावून घुसवली असेल तर आधी ते काढा. तीन पिनच असूनही होत असेल तर घराचं अर्थिंग तपासून घ्या. आपल्याकडे उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत पडतो आणि अर्थिंग नावालाच राहतं, पूर्वीची माणसं त्यात मीठ-कोळसा घालून वरून बादलीभर पाणी टाकायची ते याच्यासाठीच. वायरमनला सांगून करून घ्या, हे फक्त लॅपटॉपसाठी नाही, घरातल्या लेकराबाळांसाठी आहे.

चार्जरशिवायही नाचत असेल तर मग सॉफ्टवेअर बघू. 'सुडो मॉडप्रोब मायनस आर पीएसमाउस' आणि परत 'सुडो मॉडप्रोब पीएसमाउस' करून बघा, झोपेतून उठल्यावर टचपॅड मेलेला असतो तेव्हा जुन्या मॉडेलांमध्ये याने बऱ्याचदा जागा होतो. आणि टचपॅड वर आल्यासारखा दिसतोय, क्लिक दबत नाही, असं असेल तर लगेच बंद करा, खाली बॅटरी फुगलेली आहे. फुगलेली बॅटरी टोचायची नाही, दाबायची नाही, चार्ज तर अजिबात करायची नाही, काढून घेऊन बदलायची.

वायफाय दिसतच नाही. ड्रायव्हर डाउनलोड करायला नेट लागतं आणि नेटच नाही, काय करू?

फोन यूएसबी केबलने लावा आणि यूएसबी टेदरिंग चालू करा, त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. हे एवढं माहीत असलं की अर्धी भीती जाते.

मग 'आरएफकिल लिस्ट' द्या. सॉफ्ट ब्लॉक्ड यस असेल तर 'आरएफकिल अनब्लॉक ऑल'. हार्ड ब्लॉक्ड यस असेल तर कुठेतरी बटण आहे, बाजूचा स्विच किंवा फंक्शन की. तसं काहीच नसेल तर 'एलएसपीसीआय मायनस एनएनके' मध्ये नेटवर्क कंट्रोलरची ओळ शोधा. त्याच्याखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळ असेल तर ड्रायव्हर लागलेला आहे, नसेल तर नाही. ब्रॉडकॉम असेल तर ड्रायव्हर मॅनेजरमध्ये जाऊन त्याचा ड्रायव्हर निवडा. रिअलटेकचे बरेच चिप आता नव्या कर्नलात आपोआप चालतात, म्हणून कुठून तरी झिप आणून कंपाइल करत बसण्याआधी कर्नल नवा करून बघा. हाताने कंपाइल केलेला ड्रायव्हर पुढच्या कर्नल अपडेटला परत जातो आणि मग फोन येतो, "भो, वायफाय परत बंद पडी गया."

चालतं पण सारखं तुटतं, ही वेगळी तक्रार. नेटवर्कमॅनेजरच्या सेटिंगमध्ये वायफाय पॉवरसेव्हची किंमत २ करा, म्हणजे पॉवर सेव्हिंग बंद. बॅटरी थोडी जास्त जाते, कनेक्शन टिकतं.

इन्स्टॉल करताना हार्डडिस्कच दिसत नाही.

नव्या इंटेल लॅपटॉपमध्ये बायोसला (लॅपटॉप चालू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) स्टोरेज आरएसटी किंवा रेड मोडवर असतं. ते एएचसीआयवर करा, दिसेल. पण विंडोज ठेवायचं असेल तर नुसतं बदलू नका, विंडोज निळ्या स्क्रीनवर येऊन बसतं. आधी विंडोजला पुढचा बूट सेफ मोडमध्ये घ्यायला सांगा, मग बायोसमध्ये एएचसीआय करा, एकदा सेफ मोडमध्ये सुरू झालं की परत नॉर्मल. आणि त्याच्याही आधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू आहे का बघून त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या.

ड्युअल बूट (एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही) केलंय. विंडोजमध्ये घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे जातं.

लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज त्यालाच स्थानिक वेळ समजतं, आपली वेळ ५:३० पुढे आहे म्हणून फरक नेमका तेवढाच. लिनक्समध्ये 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' द्या.

साडेपाच तास नाही, तारीखच काही वर्षं मागे जात असेल तर मदरबोर्डवरची छोटी सीमॉस बॅटरी संपली, बहुतेक सीआर२०३२ असते. तारीख चुकली की वेबसाइट सर्टिफिकेटची एरर देतात, लोक ब्राउझर बदलत बसतात.

विंडोजचा डी ड्राइव्ह लिनक्समध्ये नुसता वाचता येतो, लिहिता येत नाही, तर विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते विंडोजला पूर्ण बंद न करता अर्धं झोपवतं आणि ड्राइव्ह अडकून राहतो.

अपडेट मारल्यावर काळी स्क्रीन. लॅपटॉपमध्ये एनव्हिडिया कार्ड आहे.

चालू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून ग्रब मेन्यू (काय चालू करायचं ते निवडायची यादी) आणा, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जा आणि जुना कर्नल निवडा. उबुंटू, मिंट जुना कर्नल ठेवतात ते अशा वेळेसाठीच. जुन्यावर चालू झालं म्हणजे हार्डवेअर ठीक आहे, नव्या कर्नलासाठी एनव्हिडियाचा मॉड्यूल बनला नाही एवढंच.

जुन्यावरही येत नसेल तर ग्रबमध्ये त्या ओळीवर ई दाबा, 'लिनक्स' ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी स्पेस देऊन 'नोमोडसेट' लिहा आणि एफ१०. स्क्रीन जाडीभरडी येईल पण येईल. मग ड्रायव्हर मॅनेजरमधून शिफारस केलेला ड्रायव्हर काढून परत टाका.

सिक्युअर बूट चालू असेल तर ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड मागतात आणि रीस्टार्टला निळ्या स्क्रीनवर 'एमओके मॅनेजमेंट' येतं. तिथे एनरोल एमओके घेऊन तोच पासवर्ड द्यायचा. घाईत कंटिन्यू दाबलं की ड्रायव्हर टाकलेला असूनही लागत नाही, आणि हे फार जणांचं होतं कारण ती स्क्रीन थोडाच वेळ थांबते.

स्क्रीन काळी आहे पण लॉगिनचा आवाज येतो? खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च तिरका मारून बघा. पुसट डेस्कटॉप दिसला तर बॅकलाइट गेलाय. झाकण पुढेमागे केल्यावर चित्र येतं-जातं असेल तर बिजागरीतली फ्लेक्स केबल. तिथे कुठलीच कमांड कामाची नाही.

लॅपटॉप मध्येच अडकतो, माउससुद्धा हलत नाही. बटण दाबून बंद करू का?

आधी कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबा. काळ्या स्क्रीनवर लॉगिन आलं तर सिस्टिम जिवंत आहे, फक्त डेस्कटॉप अडकलाय, तिथून 'सुडो रीबूट' देता येतं. तेही आलं नाही तर ऑल्ट आणि सिसआरक्यू, म्हणजे प्रिंटस्क्रीनचं बटण, धरून सावकाश एस, यू, बी दाबा. डिस्कवरचं लिहून पूर्ण होतं, डिस्क फक्त वाचण्याजोगी होते आणि रीस्टार्ट. बटण पाच सेकंद दाबून मारण्यापेक्षा हे कधीही बरं.

कारणं मुख्य दोन. ४ जीबी रॅमवर वीस टॅब उघडे असतात, रॅम संपते आणि हार्डडिस्कवरच्या स्वॅपमध्ये (रॅमऐवजी वापरायच्या जागेत) सगळं घुसमटतं. झेडरॅम (रॅममधला डेटा दाबून बसवणारी सोय) चालू करा, डेस्कटॉप हलका, एक्सएफसीई घ्या, जमलं तर रॅम ८ करा. दुसरं, रॅमच खराब. मेमटेस्ट८६+ रात्रभर चालू द्या, एक जरी लाल एरर आली तरी रॅम काढून, सोन्याच्या पट्ट्या खोडरबरने पुसून, परत नीट बसवून बघा. पुन्हा आली तर बदला.

आणि स्वस्तातले इंटेल बे ट्रेल प्रोसेसरवाले लॅपटॉप असतील तर ते रिकामे बसले असतानाही गोठायचे, हा कर्नल बगझिला या बग नोंदवायच्या साइटवरचा १०९०५१ नंबरचा नावाजलेला बग. जुन्या कर्नलवर असाल तर ग्रबमध्ये 'इंटेल अंडरस्कोर आयडल डॉट मॅक्स अंडरस्कोर सीस्टेट बरोबर १' द्या. बॅटरी जास्त खातो पण गोठत नाही.

झाकण बंद करून बॅगेत टाकला, धुळ्याहून पुण्याला एसटीत गेलो, उतरलो तर बॅग गरम आणि चार्ज शून्य.

लॅपटॉप झोपलाच नव्हता, नुसता डुलकी घेत होता. 'कॅट स्लॅश सिस स्लॅश पॉवर स्लॅश मेम अंडरस्कोर स्लीप' द्या. चौकटी कंसात एस२आयडल (डुलकी) असेल आणि बाजूला डीप (गाढ झोप) पण लिहिलेलं असेल तर ग्रबच्या सेटिंगच्या फाइलमध्ये 'मेम अंडरस्कोर स्लीप अंडरस्कोर डिफॉल्ट बरोबर डीप' टाका आणि 'सुडो अपडेट-ग्रब'. डीप हा शब्दच नसेल तर तुमच्या बायोसमध्ये ती सोय नाही, लांबच्या प्रवासाला सरळ शटडाउन करत जा.

आवाज येत नाही, 'डमी आउटपुट' दिसतं.

'सोफ' नावाचं फर्मवेअर पॅकेज राहिलेलं असतं नव्या लॅपटॉपला, ते टाका. डमी नाही, नाव बरोबर दिसतंय पण आवाज नाही, तर टर्मिनलमध्ये 'अल्सामिक्सर', एफ६ दाबून कार्ड निवडा, जिथे एमएम दिसेल तिथे एम दाबून उघडा, आणि ऑटो-म्यूट डिसेबल करून बघा.

दुकानातला प्रिंटर चालत नाही, त्याच्यामुळे परत विंडोजवर जावं लागेल का?

सेतू केंद्र, झेरॉक्सवाले, सगळ्यांकडे दोनच प्रिंटर, एचपी लेसरजेट १०२० नाहीतर कॅनन एलबीपी२९००. एचपी १०२० चं असं की त्याच्या पोटात फर्मवेअर राहत नाही, दर वेळी चालू केल्यावर कॉम्प्युटरने ते पाठवायचं असतं, म्हणून नुसता ड्रायव्हर टाकून भागत नाही. 'एचपीलिप' टाका आणि 'एचपी-प्लगइन' चालवा, मग लाइट गेली-आली तरी फर्मवेअर आपोआप जातं. कॅननला कंपनीचा कॅप्ट ड्रायव्हर लागतो आणि तो बसवणं कटकटीचं आहे, मी खरं सांगतो, रोजचा धंदा त्याच्यावर असेल तर तो बसून पक्का चालतोय हे बघितल्याशिवाय विंडोज काढू नका. नवीन प्रिंटर घेणारच असाल तर आयपीपी एव्हरीव्हेअर किंवा एअरप्रिंट असलेला घ्या, ड्रायव्हरचा विषयच संपतो.

मराठीच्या जागी चौकोन दिसतात. आणि टाइप कसं करू?

चौकोन म्हणजे फॉन्ट नाही, लोहित देवनागरी आणि नोटोचे फॉन्ट टाका. चौकोन नाही पण इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतोय, तर ती फाइल कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये आहे, तिला युनिकोडमध्ये कन्व्हर्ट करायला लागेल. लिब्रेऑफिसमध्ये मराठीचा फॉन्ट बदलत नाही अशी तक्रार येते, तिथे देवनागरीचा फॉन्ट कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट या वेगळ्या रकान्यात असतो, तो बदला. टायपिंगला इन्स्क्रिप्ट येत असेल तर उत्तम, नसेल तर कीबोर्ड सेटिंगमध्ये मराठी फोनेटिक आहे.

कुठेच सुटत नाही. कोणाला विचारू आणि काय पाठवू?

"लॅपटॉप चालत नाही" एवढं लिहून कोणीच मदत करू शकत नाही. 'इन्क्सी मायनस एफएक्सझेड' चं आउटपुट, त्यात एफ मोठा लिहायचा. झेडने आयपी, मॅकसारखी खाजगी माहिती झाकली जाते. त्याच्यासोबत बिघाडाच्या वेळेचा लॉग, आधी कधी चालत होतं, मध्ये काय बदललं, आणि लाइव्ह पेनड्राइव्हवर काय झालं. स्क्रीनचा फोटो काढला तर सरळ काढा, एरर पूर्ण वाचता आली पाहिजे.

उबुंटूवर 'उबुंटू-बग' आणि पुढे पॅकेजचं नाव दिलं की माहिती आपोआप गोळा होऊन लाँचपॅड या उबुंटूच्या बग नोंदवायच्या साइटवर जाते, इंग्रजी साधंसुधं असलं तरी चालतं. वर सांगितलेला बे ट्रेलचा बग जगभरातल्या साध्या वापरणाऱ्यांनी आपापल्या लॅपटॉपचे लॉग देऊन देऊनच लोकांसमोर आणला. आपल्या चोपड्यातल्या, शहाद्यातल्या मशीनचा लॉगही तिथे तितकाच उपयोगी पडतो, म्हणून सुटलं की गप्प बसू नका, कशाने सुटलं ते त्याच बगखाली लिहा, मॉडेल नंबर आणि कर्नल व्हर्जन टाकून.